न सांगितलेलं एक वाक्य

आमच्या गावातली बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण त्याच शिक्षणाच्या जोरावर मी माझ्या बहिणीचं वाईट केलं, तेही इथं लिहून टाकते.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगा झाल्यावर पंधरवड्यातच बिथरली. झोप नाही, खाणं नाही. हे बाळ माझं नाही, कोणी तरी बदललं, म्हणायची. अंगारे-धुपारे झाले. शेवटी मीच हट्ट धरला. लाखांदूरहून एस.टी.नं माय आणि मी तिला बाळासकट नागपूरला मनोरुग्णालयात नेलं.

मी शिकलेली पाहून डॉक्टर माझ्याशीच इंग्रजीत बोलले. घरची एखादी बाई सोबत राहिली तर बाळालाही आईजवळ ठेवू, म्हणाले. दोघं जवळ असलेली बरी.

मायनं माझा पदर ओढला. "काय म्हन्ते वं डॉक्टर?"

घरी रोवणा चालू होता, भाताची लावणी सोडून माय राहू शकत नव्हती. राहायचं तर मलाच. माझी मास्तरकी महिनाभराचीही झाली नव्हती. पण खरं कारण तेही नाही. पागलखान्यात राहून आलेली, असं मला कोणी म्हणू नये, एवढंच.

"लेकराले घरी न्या म्हन्ते," मी म्हटलं.

"अवं, अंगावर पिते ना थो!"

"डॉक्टरपक्षा तुले जास्त समजते काय?"

मायनं बाळाला उचलून घेतलं. माझ्या शिक्षणापुढे ती नेहमीच नमतं घ्यायची.

तीन महिन्यांनी बहीण बरी होऊन आली. खरंच बरी, तो त्रास तिला पुन्हा कधी झाला नाही. पण दूध आटलं होतं. तिनं उचललं की पोरगं आकांत करायचं, मायकडे झेपावायचं. "पाहुनी आली मी याच्या घरी," असं ती हसत म्हणायची आणि आत जाऊन बसायची. भाऊजी न्यायला आले तेव्हाही पोरगं मायच्या कडेवरून उतरेना. "सवय होऊ द्या, मंग नेऊ," म्हणून भाऊजी एकट्या बहिणीलाच घेऊन गेले, आणि म्हणता म्हणता पोरगं शाळेत जायच्या वयाचं झालं.

बहीण आजही त्या डॉक्टरला शिव्या घालते. "लेकरू तोडलं मेल्यानं!" मग मला म्हणते, "तू होती म्हनून मी तरी वाचली वं."

दर वेळी खरं सांगायला तोंड उघडते, आणि विचारते, "चहा मांडू काय?"