लिंपलेली जमीन

नोहेमी रेंतेरियाला आमच्या टेकडीवर सगळे घाबरायचे, आणि ती स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त घाबरायची. हे फक्त मला ठाऊक, कारण आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच.

मेदेयिन शहराने कित्येक वर्षं इथे कचरा टाकला आणि त्यावरच आम्ही घरं बांधली. कचरा कुजतो, वायू वर येतो. आमच्या आया जमिनीत नळी खुपसून त्या जाळावर भात शिजवायच्या. फुकटचं म्हणून कोण कौतुक! मग हा वायू हवा तापवतो, तो आकाशात सोडायचा नाही, असं पालिकेने ठरवलं. टेकडीत भोकं पाडून पाइप टाकले. वायू ओढून पायथ्याशी वीज करायला लागले. पण घरांखालचा वायू सगळा काही पाइपात जाईना. तो मोजायला आलेल्या परक्या माणसाला कोणी घरात घेईना, म्हणून नोहेमीला नेमलं. तिच्या यंत्रावर आकडा वीसच्या वर गेला, की एका ठिणगीने भडका उडू शकतो, म्हणून त्याच दिवशी घर सोडायचं.

"आली बघ अवदसा!" बायका दार लावत म्हणायच्या.

"मला काय हौस आहे का गं?" ती म्हणायची. यंत्र जमिनीला टेकवताना डोळे मिटून घ्यायची.

माझ्या खाटेखाली फट होती. वास यायचा. घर जाईल या भीतीने माझी झोप उडाली, आणि नोव्हेंबरात मी ती फट सिमेंटने लिंपून टाकली. पुढच्या फेरीत माझ्या घरी शून्य. मी स्वतःचीच पाठ थोपटली.

सात डिसेंबरला मारियामातेच्या नावाने दारोदारी मेणबत्त्या लावतात. ऊन उतरताना मी माझ्या मांडत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडे यंत्र किंचाळलं आणि मागोमाग नोहेमी.

"आई, काडी ओढू नकोस! आई!"

मी धावले. तिची आई फिदेलिना अंथरुणातून उठू शकत नाही, म्हणून तिची मेणबत्ती उशाशीच ठेवली होती. म्हातारीच्या एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काडी. कानाने अधू, ती नुसती हसत होती. नोहेमीने झेप घेऊन दोन्ही हिसकावून घेतल्या. आकडा साठ होता. आम्ही दोघींनी म्हातारीला चादरीसकट उचलून बाहेर आणलं.

"परवा इथे तीन होते," नोहेमी म्हणाली. "साठ कुठून आले, ओतिलिया?"

खरं सांगितलं तर घर जाणार होतं. पण म्हातारी समोर होती.

"मी माझी फट लिंपली," मी म्हणाले. "मला वाटलं, वायू जमिनीत आतच राहील. तो तुमच्याकडे वळला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आमच्या दोन्ही दारांवर घर सोडायची लाल फुली मारली, आधी स्वतःच्या.

"आणखी कोणी लिंपलंय?"

उरलेलं सिमेंट मीच शेजारणींना फटी लिंपायला वाटलं होतं. उतारावर दारोदारी पोरं मेणबत्त्या मांडत होती. कुणीतरी पहिली पेटवलीसुद्धा.

"सहा घरं," मी म्हणाले, आणि आम्ही ओरडत खाली पळालो.