घाटातली झोप

शहाद्याहून धडगावला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर मी दिसताच गाणं बंद करतो. बोलण्याआधी घसा खाकरायची त्याला सवय आहे. खाकरून "या गुरुजी" म्हणतो आणि मीच दिलेला पेन ड्राइव्ह लावतो. त्यात डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडून मी रेकॉर्ड केलेली पावरी बोलीतली गाणी आहेत. "असल्या बाजारू गाण्यांनी कान बिघडतात," असं मी त्याला एकदा भरल्या जीपमध्ये सुनावलं होतं.

मग एकदा घाटात माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा हल्ली प्रत्येक वरातीत वाजणारं गाणं जोरात चालू होतं आणि अख्खी जीप गात होती. मला ते इतकं आवडलं की मी डोळे उघडलेच नाहीत. तेव्हापासून पहिल्याच वळणावर मी झोपतो, आणि मी झोपलो की तो गाणं बदलतो.

काल गाणं संपलं, पण माझा पाय ठेका धरायचा थांबला नाही. पुढून खाकरल्याचा आवाज आला. मग नेहमीच्याच अदबीनं, अगदी हळू तो म्हणाला, "गुरुजी, उठू नका. आखो एकदाव लावस." आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालं.

माझे कान तापले. डोळे मात्र मी मिटलेलेच ठेवले.