आंदणातला बाजा

माझ्या लग्नात वडिलांनी आंदणात रेकॉर्डचा बाजा दिला, सेलवर चालणारा. भांडीकुंडी सगळेच देतात. मला गाण्याची हौस, म्हणून त्यांनी मेहकरला जाऊन तो स्वतः निवडून आणला. सोबत भजनांची एक लहान रेकॉर्ड.

सासरी बाजा ओसरीवर मांडला. मी दाराआड. धाकट्या दिराने वेगाचा खटका सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवला. मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज, अशी त्याची समजूत. भजन म्हणणारी बाई चिरक्या आवाजात पळतच सुटली. ओसरीवरची माणसं हसून लोळली. सासरे म्हणाले, "व्याह्यानं पेटीत कोंबड्या भरून देल्या."

चुकीचा मला राग नाही. असलं यंत्र आमच्यात पाहिलं होतं कोणी? त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याने खटका मागे घेतला आणि भजन नीट लागलं. सगळ्यांनी ऐकलं. राग आहे तो पुढचा. पाहुणा आला की सासरे दिराला सांगायचे, "लाव बे, व्याह्याच्या कोंबड्या लाव." आणि तो मुद्दाम खटका पुढे ढकलायचा.

मी नवऱ्याला म्हटलं, "बाजा चांगला हाये, हे सांगा न पाहुण्याले."

"बाबाले मजा येते तं येऊ दे. तुयं काय जाते?"

"माह्या बापाची इज्जत जाते."

तो चपला घालून बाहेर गेला.

अखाजीच्या सणाला वडील मला न्यायला आले. त्यांच्यापुढेही तेच. व्याह्याची थट्टा करायची रीत आहे, मान्य. पण मुलीचा बाप लेकीच्या घरात उलटून बोलत नाही, हे थट्टा करणाऱ्यालाही ठाऊक असतं. वडील हातातल्या गडव्यातल्या पाण्याकडे बघत बसले.

नव्या सुनेने पुरुषांत जायचं नसतं. मी गेले. सुई उचलली, खटका जागेवर आणला, सुई परत टेकवली आणि भजन संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. कोणी हसलं नाही. सासरे पानाचा डबा मिटून उठून गेले.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा वाटलं, आता वडील बरं केलंस म्हणतील. ते म्हणाले, "बाई, असं करू नये. तुले त्याच घरात राहाचं हाये."

माहेर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. सासऱ्यांपेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. वडील जाऊन किती वर्षं झाली. तो राग काही गेला नाही.