दुपारची वीणा

दरवर्षी पुरस्कार देणाऱ्या मंडळाकडे दोन गोष्टी साचत जातात. उरलेल्या शाली आणि किस्से. शालींत डांबरगोळ्या टाकून कपाट लावून घेता येतं. किश्श्यांना कुठलं कुलूप लावणार? चार मित्र चहाला बसले की ते बाहेर पडतातच!

जळगावात आमच्या कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात चैत्रात सप्ताह असतो. सात दिवस, रात्रंदिवस, कोणीतरी गळ्यात वीणा घेऊन नामस्मरण करत उभं असतं. वीणा जमिनीला टेकवायची नाही. दुसरा येऊन ती गळ्यात घेईपर्यंत पहिल्याने ती सोडायची नाही. शेवटच्या संध्याकाळी मंडळाचा अध्यात्मसेवा पुरस्कार दिला जातो.

मी मंडळाचा चिटणीस. जन्मभर कचेरीत कारकुनी केली, तेव्हा 'यांना ड्राफ्टिंग येतं' एवढ्याच पात्रतेवर माझी निवड झाली.

*

पहिलं भांडण पुरस्काराच्या नावावरूनच. अध्यक्ष आबा मूळचे सावद्याचे, केळीचे व्यापारी. म्हणाले, "आंतरराष्ट्रीय लिहा."

"आबा, आपली कमिटी पाच जणांची. त्यातल्या दोघांना ऐकू कमी येतं."

"माझे जावई दुबईहून लाइव्ह बघणार आहेत!"

शेवटी 'खान्देशस्तरीय'वर तडजोड झाली. धुळ्याहून एक पाहुणा आणला की झालं खान्देश!

*

पहिला पुरस्कार त्या धुळ्याच्या पाहुण्यांनाच; ते प्रवचनकार. विषय घेतला होता 'मौनाचे महत्त्व'. इतके बोलले, इतके बोलले की महाप्रसादाची भाजी दोनदा गरम करावी लागली. शेवटी आबांनी स्टेजवर चिठ्ठी पाठवली, "महाराज, आता प्रात्यक्षिक होऊ द्या."

*

दुसऱ्या वर्षीच्या सत्कारमूर्तींनी शाल नाकारली. "मी विरक्त आहे!" टाळ्यांचा कडकडाट. आता दरवर्षी शाल घालायला येणाऱ्या आमच्या धुळेकर पाहुण्यांचे तर डोळे भरून आले.

सकाळी मला फोन. "चिटणीस, मी शाल स्टेजवर नाकारली. तुम्ही गाडीत का नाही ठेवली?"

*

आमचे वीणेकरी नाना साक्रीकडचे. जळगावात येऊन जमाना झाला, पण बोली गावची अहिराणीच राहिली. गुडघे गेलेले, तरी सप्ताहात सगळ्यांत जास्त वेळ वीणा त्यांच्याच गळ्यात. दरवर्षी मीटिंगमध्ये मी त्यांचं नाव सुचवायचो.

"त्यांचं कार्य काय?" आबा विचारायचे.

"उभे राहतात."

"उभं राहणं हे काय कार्य झालं?"

"मी जन्मभर बसलो, त्याची सरकार पेन्शन देतंय."

एवढ्यात चहा यायचा आणि विषय संपायचा.

हे नानांच्या बायकोच्या, अक्कांच्या, कानावर गेलं. त्या मंदिरात प्रसादाची भाजी निवडायला असायच्या. मला म्हणाल्या, "भाऊ, शाल नको. मानूस द्या. दुपारले यास्ना गळामाईन वीना लेवाले कोनी येत नही."

दुपारी नानांच्या गळ्यातली वीणा घ्यायला कोणी येत नाही, हे खरंच होतं. चैत्रातली जळगावची दुपार! फळ्यावर वीणेच्या पहारेकऱ्यांची नावं असायची, पहारेकरी आपापल्या घरी कूलरसमोर. सकाळी उभे राहिलेले नाना मग संध्याकाळपर्यंत उभेच.

निदान आम्ही तसं समजत होतो.

*

एकदा भर दुपारी मी विसरलेला चष्मा घ्यायला मंदिरात गेलो. मंडपात नाना आणि अक्का, बाकी चिटपाखरू नाही. नानांचे पाय थरथरत होते. डोळे न उघडताच त्यांनी वीणा गळ्यातून काढली, बायकांच्या बाजूला वळून पुढे धरली आणि म्हणाले, "ले वं." म्हणजे 'घे गं'.

अक्का हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन तयारच होत्या. त्यांनी वीणा गळ्यात घातली. नामात खंड पडला नाही. नाना खांबाला टेकून बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

आमच्या मंडळात बायकांनी वीणा घ्यायची नाही, असा नियम. आणि नियम करणारे आबा नेमके माझ्या मागून आत आले! आता काय होतंय म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"चिटणीस, सकाळी डोळ्यांत थेंब टाकलेत. मला काही दिसत नाहीये."

"मलाही नाही, आबा. चष्मा विसरलोय."

दोघेही आल्या पावली परत फिरलो. पुढे कळलं, कितीतरी वर्षांच्या दुपारी अशाच निभावल्या होत्या.

*

गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, आणि घरी आणलं ते शेवटच्या दर्शनापुरतं.

मंडळाने शोकसभा घेतली. ठराव अर्थात मी लिहायचा. कचेरीत असे ठराव मी झोपेतही लिहिले असते, पण इथे पेन अडलं. आबांना विचारलं, "अक्कांचं मंडळातलं पद काय लिहू?"

आबांनी माझ्या हातातला कोरा कागद घेतला, परत दिला. मग म्हणाले, "लिहा, दुपार."

*

यंदाचा पुरस्कार नानांना. मीटिंगमध्ये कोणी कार्य विचारलं नाही.

शेवटची संध्याकाळ. वीणा नानांच्याच गळ्यात, कारण ज्याचा पहारा तो फोटोसाठी आधीच स्टेजवर! नाव पुकारलं तसे नाना वीणेसकट एकेक पायरी चढून आले. तोंडाने नाम चालूच. धुळ्याच्या पाहुण्यांनी शाल उलगडली, पण वीणेमुळे ती काही खांद्यावर बसेना. एकदा डावीकडून घसरली, एकदा उजवीकडून. लोक हसले.

पाहुणे म्हणाले, "नाना, वीणा जरा द्या कोणाकडे तरी."

आम्ही कमिटीवाले एकमेकांकडे बघू लागलो. कोणाच्या हातात हार, कोणाच्या नारळ, कोणाच्या मोबाइल.

नानांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी वीणा गळ्यातून काढली, बायकांच्या बाजूला वळले आणि दोन्ही हातांनी ती पुढे धरली. माइक जवळच होता, म्हणून सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

"ले वं."