मामांनी न झाडलेली गोळी

बंदुकीच्या गोळीबद्दल माझ्या बायकोच्या मामांना जेवढं कळतं तेवढं गोळी बनवणाऱ्यालाही कळत नसेल, आणि ते सगळं ऐकून घ्यायची ताकद त्यांच्या अख्ख्या पळसदरी गावात फक्त माझ्यात आहे, कारण मी जावई. मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर बंदूक. तिने आजवर एक उंदीरही मारलेला नाही. मेले ते रद्दीचे गठ्ठे! गठ्ठा पाण्यात भिजवायचा, बांधाला टेकवायचा, पावलं मोजायची आणि बार काढायचा. मग चष्मा लावून पानं उलटत गोळी शोधायची. "ही बगा जावयबापू, वीस पावलांवरची. वेग लई, म्हनून शिसं फुलून चपटं झालं, अग्रलेखातच आडकली. आन् ही साठ पावलांवरची. दमलेली. फुलली नाय, गोलच्या गोल ऱ्हाऊन पार राशिभविष्यात घुसली!" या गोळ्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेल्या. आल्या पाहुण्यापुढे चहाआधी डबा येतो. मामी वैतागून म्हणतात, "लग्नाचं फोटू तरी कवा दावलं का कुनाला एवढं!"

गेल्या वर्षी भात पिकून पिवळं पडलं आणि रानडुकरांचा कळप उतरला. मामांचं दीड एकर, घरचा वर्षाचा तांदूळ त्यातलाच. मामांनी वनखात्यात खेटे घालून डुक्कर मारायची लेखी परवानगी आणली. मीही मोहोपाड्याहून रजा काढून गेलो. इतकी व्याख्यानं ऐकल्यावर प्रात्यक्षिक कोण चुकवतो! दिवस मावळताना आम्ही बांधाआड बसलो. कळप आला. पुढचं धूड तीस पावलांवर, आडवं, खुशाल भात तुडवत उभं. मामांनी नेम धरला, श्वास रोखला आणि बंदूक खाली घेतली.

"अहो मामा, मारा ना!"

"मागं वाडीची पायवाट हाय. डुकरात थांबली तर ठीक. नाय थांबली तर फुडं कुटवर जाती, मला ठावं हाय ना."

कळपाने निम्मं शेत आडवं केलं. गावाने मामांची यथेच्छ टर उडवली. मामींच्या डोळ्यांत पाणी बघून माझंही डोकं फिरलं. एवढी विद्या, आणि ऐन वेळी हातपाय गळाले म्हणायचे!

यंदा शेताला सौरकुंपण झालंय आणि भात कसं झकास उभं आहे. परवा बांधावर उभं असताना माझ्यातला जुना राग बाहेर पडलाच. "मामा, त्या दिवशी मी पायवाटेवर जाऊन बघितलं होतं. तिथे कुणीसुद्धा नव्हतं."

मामा चिडतील असं वाटलं होतं. ते मटकन बांधावर बसले.

"नव्हतं ना कोन? माझं बोट चापावर गेलं व्हतं वो. दाबलं असतं, आन् तितं कोन असतं तर, ह्योच वरीसभर जिवाला घोर लागलाय. आदी नाय का सांगायचं?"