कुटारातली भाकर

शालिनीमावशी गेली, हे तिच्या यजमानांनी, काकांनी, फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजामागे कोतवाल केकाटत होता. मावशी घरात असताना तिचा हा कुत्रा असा कधी रडायचा नाही.

धाड गावच्या शाळेत मावशीनं उभी हयात मुलं शिकवली. खणखणीत आवाज, स्वतःच्या मतावर ठाम, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. कुत्र्याचं नाव ठेवताना मात्र ती सपशेल चुकली. कोतवाल नावाचा हा गडी फटाका, बँड, जीपचा हॉर्न, सगळ्यालाच भ्यायचा. लग्नसराईत दार खरवडून पंजे रक्ताळून घ्यायचा. शेजारी म्हणायचे, बाई, सोडून या कुठंतरी. मावशी कसली ऐकते! एकदा तिच्या हातून भाकरीचा तुकडा कुटारात पडला. म्हशीसाठी आणलेला सोयाबीनचा भुसा तो. रस्त्यावरून वरात चालली होती आणि कोतवाल मात्र नाक खुपसून तुकडा शोधण्यात गर्क! झालं, त्या दिवसापासून जुन्या घमेल्यात कुटार, कुटारात भाकरीचे तुकडे आणि शेजारी बसलेली मावशी, "हुडक बे, हुडक!" वरात लांब असतानाच ती घमेलं मांडायची. कुत्रं एकदा बिथरलं की भाकरीकडे ढुंकूनही बघत नाही, हे तिनं हेरलं होतं.

काका कचेरीतले निवृत्त कारकून, शिस्तीचे. त्यांना हा खुळेपणा वाटायचा. "ताटात घाल ना त्याले. हे लपवालपवी काऊन?"

"हुडकाले लागला का त्याले भ्याले सवड राह्यत नाही. तुमाले नाही समजाचं ते."

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मंडप पडला, लाऊडस्पीकर लागला. साफसफाईच्या भरात आम्ही बहिणींनी घमेल्यातलं कुटार म्हशीपुढं ओतून टाकलं. घर कसं लख्ख दिसलं पाहिजे ना! दुपारी कोतवालनं एका पाहुण्याची पँट फाडली. याला रोहिणखेडला शेतावर पाठवा, असं सगळ्यांचं ठरलं. जीपही दारात आली. त्या क्षणी मला मावशी फार हवी होती. तिनं एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं असतं.

काका उठले. कोतवालला लाऊडस्पीकरपासून लांब, मागच्या परसात घेऊन गेले. तो जरा निवल्यावर गोठ्यातून घमेलंभर कुटार आणलं आणि त्यात अख्खी भाकर एकाच जागी पुरली. कोतवालनं ती दोन घासांत फस्त केली आणि पुन्हा केकाटू लागला. मला रडता रडता हसू आलं.

"काका, चुरून टाका. पसरून."

त्यांनी दुसरी भाकर कुस्करली, कुटारात कालवली. "हुडक," ते म्हणाले. 'बे' काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. कोतवालनं नाक घातलं... पुढं मंडपातली भाषणं चालूच होती, आणि मागं नुसती कुटाराची खसखस. काकांनी जीपवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

परवा मी धाडला गेले होते. सकाळी काका पायरीवर बसून भाकरीचे तुकडे करत होते, अगदी चिमटीत येतील न येतील असे. कोतवाल समोर धीरानं बसलेला. गडी आता चांगलाच निवांत दिसतो.

"काका, एवढे बारीक काऊन करून राह्यले तुम्ही?"

"मोठे केले का याचं लवकर उरकते," काका मान वर न करता म्हणाले. "मंग दिवसभर मी काय करू?"