गार पायांनी उतरायचं न्हाय

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका तयार माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. कशाला तयार, असं विचारलंत तर मात्र पंचाईत आहे. श्रीवर्धनला पोफळीची वाडी, वय सहासष्ट, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात, आणि हा गृहस्थ रोज सकाळी साडेपाचला पडवीच्या तिसऱ्या पायरीवर टाच टेकवून, कमरेत वाकून, मांडीच्या मागची शीर ताणत उभा. त्याआधी अंगणाला सात फेऱ्या, कारण गार पाय ताणला तर तो ताणत नाही, तुटतो, असं त्यांचं म्हणणं. मग पोटरी, मग मांडी मागून, मांडी पुढून, शेवटी जांघ. डावा झाला की उजवा. हिसका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. आणि एकेक ताण किती वेळ धरायचा हे मामा आकड्यांनी मोजत नाहीत. तोंडातल्या तोंडात "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, एक दम संपला की एक ताण संपला. शेजारणींना या गुणगुणण्याची इतकी सवय झाली आहे की मामा परगावी गेले की आळीतला चहा उशिरा होतो, असं मामी सांगतात.

घरच्या पायरीपुरतं हे राहिलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण मामा एसटी स्टँडवर कठडा दिसला की त्यावर पाय टाकतात. देवळात आरतीला उभे असले तर टाळ वाजवता वाजवता टाचा वर-खाली. पंगतीत मांडी घालून बसायच्या आधी गुडघा छातीशी घेणार, वाढपी भाताचं भांडं घेऊन खोळंबलेला का असेना. माझ्या मेव्हणीच्या लग्नात वरमाला घालायच्या वेळी नवरदेवाला खांद्यावर उचलायला त्याचे चार दांडगे मित्र पुढे सरसावले, तेव्हा मामांनी त्यांना मांडवातच थांबवलं आणि खांबाला हात लावून प्रत्येकाच्या पोटऱ्या ताणून घेतल्या. भटजी मुहूर्त टळला म्हणून कपाळाला हात लावून बसले. सुपारी उतरवायला येणारा गडी तर तीस वर्षं पोफळीवर माकडासारखा चढणारा माणूस. त्याला मामांनी सांगितलं, आधी बुंध्याशी दहा मिनिटं पाय मोकळे कर. तो मुकाट्याने दोरी खांद्यावर टाकून शेजारच्या वाडीत गेला. त्या वर्षी मामांची सुपारी आपली आपणच पिकून खाली पडली, पण तत्त्व काही पडलं नाही.

शिमग्याला तर या माणसाला ऊत येतो. शिमग्याला मुंबई-पनवेलहून सगळे चाकरमानी गावी येतात आणि धुळवडीच्या सकाळी समुद्रावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या घट्ट वाळूत, चाकरमानी विरुद्ध गाववाले असा कबड्डीचा सामना व्हायचा. वाळूत काठीने रेषा ओढायच्या आणि भरती यायच्या आत निकाल लावायचा. यात आमच्या चाकरमान्यांची चूक वर्षानुवर्षं एकच. रात्रभर एसटीत पाय मुडपून बसायचं, पहाटे उतरायचं, पिशवी घरात फेकायची आणि थेट वाळूत उडी मारायची. वर्षभर खुर्चीत बसलेले हे पाय, आणि ऐट मात्र विशीतल्या पोरांची! म्हणून मामा चार दिवस आधीपासून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलून निरोप टाकायचे. त्यात पाठीमागे कोंबडा आरवत असायचा आणि मामा सांगत असायचे की वाटेत गाडी थांबली की खाली उतरून चाला, वडापाव बसून खाऊ नका. ग्रुपवर त्याखाली हात जोडलेली पंचवीस चित्रं यायची आणि वाटेत पंचवीसही जण बसूनच वडापाव खायचे.

मीही त्यांच्यातलाच. लग्नानंतरचा पहिला शिमगा, बायकोचं आजोळ, बघायला सगळ्या मेव्हण्या, म्हणजे वीर पुरुषाला आणखी काय हवं? मामा हात धरून सांगत होते की जावईबापू, आधी त्या खडकापर्यंत चालून या. मी हसून हात सोडवला. दुसऱ्याच चढाईत वळताना मांडीवर मागून कुणीतरी फाडकन दगड मारल्यासारखं झालं. मी चिडून मागे पाहिलं, तर मागे नुसता समुद्र. मी बसलो तो उठलोच नाही. एक म्हातारबाबा तेल चोळायला धावले, त्यांना मामांनी हाकललं आणि कोळणीच्या पाटीतला बर्फ फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवला. पाय उशीवर उंच, चोळायचं नाही, शेकायचं नाही, दोन दिवस हलायचं नाही. एवढं खरं सांगतो की मला दुखत असताना या माणसाच्या तोंडावर जो आनंद होता तसा माझ्या लग्नातही नव्हता. त्यांचं म्हणणं साक्षात जावयाच्या मांडीने खरं करून दाखवलं होतं. पुढे आठ दिवस माझ्या पायाला बांगड्याचा वास येत होता आणि आमची ही तेवढे दिवस माजघरात झोपली.

त्या आठ दिवसांत पडवीत पडल्या पडल्या मामींकडून मला मूळ गोष्ट कळली. मामी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या आणि हाताने सुपारी पसरत पसरत, जणू कालची हकिगत सांगावी तशा सांगत होत्या. मामा सव्वीस वर्षांचे असताना पंचक्रोशीतले नावाजलेले चढाईपटू होते. बोर्ली पंचतनला मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि नेमकं त्याच दिवशी तिथेच एका नातेवाइकाचं लग्न. मामा पंगतीत मांडी घालून दीड तास बसले, आग्रहाच्या जिलब्या खाल्ल्या आणि हात धुऊन तसेच मैदानात गेले. शेवटची चढाई त्यांची. दोन गडी मारले, वळले, आणि माझ्यासारखाच त्यांच्या मांडीत मागून दगड बसला. पडले, तरी दम सोडला नाही, हात लांब केला. मध्यरेषा एक वीत राहिली. ढाल बोर्लीकरांकडे गेली. पाय बरा व्हायला तीन महिने लागले, तोवर संघात दुसरा गडी आला, मग लग्न, मग वाडी, मग वय. पुन्हा मामांना कुणी म्हणून खेळायला बोलावलं नाही.

मामींनी मग दोरीवर वाळणारी निळी अर्धी चड्डी मला दाखवली. "शिमग्याला पायजम्याच्या आत हीच घालून जातात. पस्तीस वर्षं झाली. फाटली की तश्शीच दुसरी शिवून घेतात," मामी म्हणाल्या. "लोकांना वाटतं, पोरांच्या पायांसाठी ओरडतात. पोरांचं निमित्त हाय हो. एक गडी कमी पडायची वाट बघतात."

हे कळल्यावर माझी चेष्टा करायची खोड गेली असं नाही, पण पायरीवर टाच टेकवलेले मामा दिसले की त्यांचा दम मोडू नये म्हणून मी पाय न वाजवता जाऊ लागलो. दुसऱ्या वर्षापासून मी गाडीतून उतरलो की मुकाट्याने खडकापर्यंत चालून यायचो आणि मामांच्या शेजारी वाकून कबड्डी कबड्डी पुटपुटायचो. माझा पाय परत कधी धरला नाही. मामा दर वर्षी सामन्याला मध्यरेषेच्या अगदी टोकाशी उभे राहायचे, हात मागे बांधून. आणि दर वर्षी गाववाल्यांचे सातच्या सात गडी धडधाकट असायचे. मी विरुद्ध बाजूचा, पण खरं सांगू? गाववाल्यांपैकी कुणाचा तरी पाय मुरगळावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगायचो. असला जावई कुणाला मिळू नये.

दोन शिमग्यांपूर्वी देवाने ऐकलं. गाववाल्यांचा हुकमी चढाईपटू म्हणजे एक रिक्षावाला पोरगा. पहाटेपासून एसटीच्या उतारूंना घरोघर सोडत होता, शेवटचं भाडं बोर्लीला टाकून तो थेट वाळूत उतरला. सामना अटीतटीचा झाला. शेवटची चढाई उरली, गाववाले एका गुणाने मागे, आणि पोरगा चढाईला निघता निघता पोटरी धरून खाली बसला. बदली गडी हवा होता. शिट्टी गळ्यात अडकवलेले शाळेतले गुरुजी पंच होते, त्यांनी चौफेर पाहिलं. सगळे नुसते एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात मामांनी पायजम्याची नाडी सोडली. सकाळच्या उन्हात ती निळी चड्डी पाहून पोरांनी शिट्ट्या मारल्या, मामी मात्र हसल्या नाहीत. मला वाटलं, आता मामा धावत आत येणार. पण मामा गुरुजींना शांतपणे म्हणाले, "पंधरा मिनिटं द्या. गार पायांनी मी न्हाय उतरणार."

आणि ते खडकाच्या दिशेने चालू लागले. पौर्णिमेचं उधाण, भरती सुरू झालेली, लाटा हातभर हातभर पुढे सरकत होत्या. मामा खडकाला हात लावून परत आले, वाळूत डावी टाच रोवून वाकले. डावी पोटरी झाली. डावी मांडी मागून झाली, पुढून झाली. पोरं ओरडत होती की मामा, पुरे आता, पाणी आलं. गुरुजी एकदा घड्याळाकडे बघत आणि एकदा समुद्राकडे. मामांनी उजवी पोटरी घेतली. तेवढ्यात एक लाट आली आणि आमच्या बाजूची अंतिम रेषा पुसून गेली. मी स्वतः म्हटलं, मामा, एक मांडी राहिली तर राहू द्या. ते वाकलेल्या मानेनेच म्हणाले, "हीच तर गेली होती, जावईबापू."

शेवटी गुरुजींचाही नाइलाज झाला. मैदानच उरलं नाही तर सामना कसला? त्यांनी लांब शिट्टी वाजवली, चाकरमानी एका गुणाने जिंकल्याचं सांगितलं आणि माणसं चपला उचलून सुरूच्या झाडांकडे निघाली. मामांचा उजव्या मांडीचा दम तेव्हा संपला. ते सरळ उभे राहिले आणि पाहिलं तर समोर कुणी नाही. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवलं नाही. मी घोटाभर पाण्यातून माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "मामा, चढाई बाकी आहे. या!" माझ्या मागे आमचे आणखी चौघे परत आले. गुरुजीही परत आले.

मामा आले ते म्हातारपणाने आले नाहीत. खांदा खाली, नजर पायांवर, आणि तो दम, रोज सकाळी ऐकलेला, पण आता मोठ्याने. त्यांनी एकाला पायाने मारलं, मला हाताने मारलं आणि वळले. मी पकड करायला खरोखर झेप घेतली, कारण सोडून दिलेलं त्यांना कळलं असतं आणि त्यांनी मला आयुष्यात माफ केलं नसतं. माझ्या हातात त्यांचा घोटा आला. मामा पाण्यात आडवे पडले, दम चालूच, आणि त्यांनी उजवा हात होता नव्हता तेवढा लांब केला. दम संपला. आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं, तर मध्यरेषा नव्हतीच. लाटेने केव्हाच नेली होती.

"लागला, लागला!" दोन्हीकडचे सगळे एकदम म्हणाले. गुरुजींनी दोन बोटं वर केली. मामा कोपरावर उठले, नाकातोंडातलं पाणी पुसलं आणि पाण्याखालच्या वाळूकडे बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं रोज मनात ती रेषा पाहिलेला माणूस, ती कुठे होती हे त्यांना कोण सांगणार?

"न्हाय," ते म्हणाले. "वीतभर राहिला." मग त्यांनी उजव्या मांडीवरून मागून हात फिरवला, दोनदा दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. "पण पाय न्हाय धरला, जावईबापू."

घरी जाताना त्यांनी वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला पाय लावून खेळानंतरचा ताणही घेतला, मामी पायजमा हातात धरून मागून येत होत्या.

आता सामना समुद्रावर होत नाही. भरतीचा घोळ नको म्हणून पोरांनी तो शाळेच्या मैदानावर नेला. तिथे चुन्याची फक्की टाकलेली असते, रेषा दिवसभर जागच्या हलत नाहीत, आणि गावाकडे आता तीन तीन बदली गडी असतात. सगळे पाय ताणून खेळतात, कुणाचा पाय धरत नाही. मामांनीच लावलेली ही शिस्त, आणि तिच्यामुळेच आता त्यांना कुणी बोलावणार नाही. मी पनवेलला रोज सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टाच टेकवतो, दम धरतो, आणि तिकडे तीच वेळ झालेली असणार हे मला माहीत असतं. या शिमग्यालाही मामा मध्यरेषेच्या टोकाशी उभे होते, हात मागे बांधून. पायजमा नवा होता, पांढरा, आणि उन्हात त्यातून निळा रंग दिसत होता.